धोतराची गाठ आणि डॉ. खानोलकर

टाटाला नेलं, एवढंच कुणी म्हटलं, की आमच्या वऱ्हाडात ऐकणाऱ्याचा आवाज खाली येतो. पुढे आजाराचं नाव कुणी विचारत नाही. अमरावती-अकोल्याहून रात्रीच्या गाडीनं निघायचं, दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत पथारी टाकायची आणि सकाळी परळचं टाटा रुग्णालय गाठायचं, ही वाट इकडच्या कितीतरी घरांना पाठ आहे. 1987 मध्ये दर्यापूरच्या माझ्या मावशीला घेऊन मीही त्याच वाटेनं गेलो. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. अंगावरून जातंय हे तिनं दीड वर्ष कुणाला सांगितलं नव्हतं.

तिथं केसपेपर करताना तिला विचारलं गेलं, लग्न कितव्या वर्षी झालं, बाळंतपणं किती झाली. मला त्या भोचक चौकशीचा राग आला. त्या प्रश्नांमागे केवढा माणूस उभा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळलं.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 1895 चा. विकृतिशास्त्राचं उच्च शिक्षण त्यांनी लंडनला घेतलं आणि परत येऊन मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलं. 1941 साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्याकडे आली. 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, तेही त्यांच्याच पुढाकारानं. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्या हाताखाली घडल्या.

पण मला भावतात ते 1945 च्या त्यांच्या निबंधातले खानोलकर. एका सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी सवयींतून उद्भवणारे तीन कर्करोग मांडले. आंध्र किनाऱ्यावर पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा एक, ओठाआड तंबाखू-चुना धरून ठेवणाऱ्यांचा दुसरा आणि वर्षानुवर्षं घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचानं कमरेवर होणारा तिसरा. अकोल्याच्या कापूस बाजारात कमरेला असे काळे वळ असलेली माणसं मी लहानपणापासून पाहत आलो. बँकेत त्यांची पीककर्जं मंजूर केली, पण त्या वळाकडे कधी नीट पाहिलं नाही. खानोलकर सूक्ष्मदर्शकातून मान वर करून माणूस कसा जगतो हे पाहत.

बायकांच्या बाबतीतही तेच. टाटाच्या नोंदींत दिसे, की पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा. कारण रक्तात नव्हतं, राहणीत शोधायचं होतं. लहान वयातलं लग्न, फार बाळंतपणं, स्वच्छतेची गैरसोय, असे धागे हाती येत होते. मूळ मात्र सापडत नव्हतं.

खानोलकर 1978 मध्ये गेले. 1983 साली जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना या रोगाच्या गाठीत पॅपिलोमा विषाणूचा 16 क्रमांकाचा प्रकार सापडला. या शोधासाठी त्यांना 2008 चं नोबेल मिळालं. याच कुळातला विषाणू 1988 मध्ये लाल तोंडाच्या माकडाच्या कर्करोगातही आढळला. माणसाचा विषाणू माकडात रुजत नाही, पण माकडाचा स्वतःचा विषाणू त्याच्या शरीरात काय करतो, हे पाहून आपल्या रोगाची चाल समजू लागली. हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो, काहींत मुक्काम ठोकतो आणि कर्करोग व्हायला त्यानंतर बरीच वर्षं लागतात. तेवढी वर्षं आपल्या हातात असतात.

त्या वर्षांचं सोनं कसं करावं हे महाराष्ट्रानंच दाखवलं. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला विषाणूची चाचणी देऊ केली, त्यात या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटल्याचं 2009 मध्ये जाहीर झालं. चाचणीही एकदाच केलेली! 2022 मध्ये पुण्यात तयार झालेल्या लशीलाही मान्यता मिळाली. ती मुलींना लहान वयातच द्यायची असते.

मावशी त्या वर्षीची दिवाळी पाहू शकली नाही. लग्नाचं वय विचारलं, तेव्हा तिनं पदराआडून आधी दहा बोटं दाखवली, मग तीन. तोवर आमच्या घरात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.