लक्ष्मीबाई टिळक : श्रद्धा घरातून की अनुभवातून?

आपली श्रद्धा कुठून येते? घरच्या संस्कारांतून, की स्वतःच्या अनुभवातून? लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य बघा.

त्यांचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील कमालीचे सोवळे पाळणारे. शिवाशिवीच्या धाकातच मुलांचं बालपण गेलं. 1880 मध्ये कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि बाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या, पण चूल वेगळी! नवऱ्याने धर्म बदलला म्हणून आपणही बदलावा, असं त्यांना मुळीच वाटलं नाही, हे लक्षात घ्या.

मग एकदा त्या एकट्याच विचार करत बसल्या. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांत काहीतरी फरक दिसला असता. तो काही दिसेना. लहानपणापासून जपलेलं सोवळं तिथेच सुटलं. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, असं त्यांनी ठरवलं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे घरचे संस्कार पुसले गेले का? तसंही नाही. 1919 मध्ये टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते बाईंनीच पूर्ण केलं, तेही ओव्यांमध्ये! शाळेचं शिक्षण जवळजवळ नव्हतंच, पण ओवी कानात मुरलेली होती.

वडिलांच्या सोवळ्याच्या गोष्टी त्यांनी 'स्मृतिचित्रे'त सांगितल्या आहेत. वाचताना हसू येतं आणि त्या लहान मुलीची कीवही येते.