मातृत्वाचा प्रश्न छापील पानावर आणणारे र. धों. कर्वे

रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात दगावली. अशा मृत्यूंचा हिशेब त्या काळी दैवाच्या खात्यावर मांडला जाई. गर्भारपण हा घराच्या आतला, बायकांचा विषय. जाहीर चर्चेत त्याला स्थान नव्हते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या या थोरल्या चिरंजीवांनी पुढे तो विषय छापील पानावर आणला.

१८८२ साली जन्मलेले र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. संततिनियमनावरील त्यांची जाहीर मते व्यवस्थापनाला मानवली नाहीत आणि नोकरी गेली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. स्वतः कर्वे व त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. रघुनाथरावांनी नसबंदीही करवून घेतली होती.

मात्र केंद्रापेक्षा दूरवर पोहोचले ते जुलै १९२७ मध्ये निघालेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. मूल हे देवाचे देणे, या समजुतीला या मासिकाने धक्का दिला. गर्भ राहावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, असे ते महिन्यामागून महिने सांगत राहिले. महात्मा गांधी ब्रह्मचर्य व संयम हाच मार्ग मानत असताना कर्वे साधनांची माहिती देत होते. मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांमुळे गहजब झाला. या चित्रांनी मूळ विषयाकडे लक्ष वेधले की त्यावरून उडवले, हा वाद आजही घालता येईल.

वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे सदर हा मासिकाचा प्राण होता. घरी किंवा वैद्याकडे विचारता न येणारे प्रश्न तेथे विचारले जात. नेमकी हीच उत्तरे १९३४ च्या खटल्यात अश्लील ठरविण्यात आली. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लोकांनी प्रश्न विचारायचे आणि जाणत्याने गप्प बसायचे, तर अज्ञान दूर होणार कसे, असा त्यांचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही. दोनशे रुपये दंड झाला. त्याआधी १९३१ मध्येही एका लेखाबद्दल शंभर रुपये दंड झाला होता. मासिक मात्र निघत राहिले. लेखन, संपादन, मुद्रितशोधन, सारे बहुतांशी एकहाती.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला.