सर जमशेटजी जीजीभाई : रुग्णसेवेला व्यापाराचा आधार

मुंबईच्या भायखळा येथील जे. जे. रुग्णालयाचे नाव सोलापूरपासून गडचिरोलीपर्यंत सर्वांना परिचित आहे. मात्र या दोन अक्षरांमागील व्यापाऱ्याचे चरित्र फारसे कोणाच्या स्मरणात नसते.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. कोवळ्या वयातच आई-वडिलांचे छत्र हरपले. जुन्या बाटल्यांचा व्यापार करणाऱ्या मामांनी त्यांना मुंबईत आधार दिला. 'बाटलीवाला' हे नाव त्यातूनच त्यांना चिकटले. पुढे व्यापारासाठी त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मध्ये त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर शल्यचिकित्सक असलेल्या विल्यम जार्डिन यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. कापूस आणि अफू यांच्या व्यापारातून त्यांनी अफाट संपत्ती मिळविली. या अफूने चीनमधील असंख्य संसार उद्ध्वस्त केले, ही वस्तुस्थितीही त्यांच्या दानशूरतेबरोबरच नोंदवली पाहिजे.

गोरगरिबांसाठी सुसज्ज रुग्णालय उभारण्याकरिता जमशेटजींनी १८३८ मध्ये एक लाख रुपये देऊ केले. ईस्ट इंडिया कंपनीने तेवढीच रक्कम घालावी, अशी त्यांची अट होती. या अटीमुळे रुग्णसेवा केवळ एका धनिकाची कृपा न राहता सरकारचीही जबाबदारी ठरली. १८४३ मध्ये पायाभरणी झाली आणि मे १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन उपचारांना शिक्षणाची जोड मिळाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तेथील पहिल्या तुकडीचे विद्यार्थी होत.

१८४२ मध्ये 'सर' आणि १८५७ मध्ये 'बॅरोनेट' हा किताब मिळविणारे जमशेटजी पहिले भारतीय ठरले. १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरही रुग्णालयाचा विस्तार थांबला नाही. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून नेत्र रुग्णालय, बाई मोतलीबाई यांच्या देणगीतून प्रसूतिगृह, तर गिरणीमालक दिनशा पेटिट यांच्या साहाय्याने स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय याच परिसरात उभे राहिले.

आज हजाराहून अधिक खाटांचे हे रुग्णालय राज्य शासन चालवते. व्यापाऱ्यांच्या देणगीतून इमारती उभ्या राहतात. त्या पिढ्यान्‌पिढ्या रुग्णांच्या उपयोगी पडाव्यात, यासाठी शासनाचाही वाटा लागतो. जमशेटजींनी १८३८ मध्ये घातलेल्या अटीचे मोल त्यातच आहे.