डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

सन १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी ३० जुलै रोजी तमिळ प्रदेशातील पुदुकोट्टई संस्थानात एका मुलीचा जन्म झाला. पुढे मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, स्त्रिया व मुले यांच्या आरोग्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी याच होत.

त्यांचे वडील नारायणस्वामी अय्यर हे शिक्षक होते. आई चंद्रम्माळ यांचा जन्म देवदासींच्या समाजात झाला होता. त्यामुळे समाजातील उच्चनीचतेचे चटके मुथुलक्ष्मींना लहानपणापासून बसले. मुली वयात आल्या की त्यांची शाळा बंद होत असे. मुथुलक्ष्मींनी मात्र घरी अभ्यास करून मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे संस्थानच्या महाविद्यालयात त्यांनी प्रवेश मागितला. ते मुलांचे महाविद्यालय असल्याने अनेकांनी विरोध केला. परंतु संस्थानच्या राजांनी परवानगी दिली आणि त्यांचे शिक्षण सुरू राहिले.

१९०७ मध्ये त्या मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९१२ मध्ये उत्तम यश मिळवून डॉक्टर झाल्या. तेथील शासकीय प्रसूती व नेत्र रुग्णालयात हाऊस सर्जन म्हणून नेमणूक झालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९१४ मध्ये त्यांचा विवाह डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी झाला.

त्या काळी मुलांचे आजारपण म्हणजे घरावरचे मोठे संकट असे. अतिसार, गोवर, घटसर्प, न्यूमोनिया अशा आजारांनी असंख्य बालके दगावत. गोवराची लस नव्हती आणि पेनिसिलीनसारखी औषधेही अजून आली नव्हती. अशा वेळी मुलाचे प्राण बहुतांशी चांगल्या शुश्रूषेवर अवलंबून असत. उकळून गार केलेले पाणी, वेळेवर दूध व हलका आहार, स्वच्छ अंथरूण, मोकळी हवा, जखम धुऊन त्यावर स्वच्छ पट्टी बांधणे, या साध्या गोष्टींनीही अनेक मुले वाचू शकत. परंतु गरिबी, अज्ञान आणि दाटीची वस्ती यांमुळे तेवढेही अनेक घरांत होत नसे.

१९२५ मध्ये मुथुलक्ष्मी शासकीय शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी स्त्रिया व मुले यांच्या आजारांचा विशेष अभ्यास केला. परतल्यावर त्यांची मद्रास विधान परिषदेवर नियुक्ती झाली. ब्रिटिश भारतातील कायदेमंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य ठरल्या. १९२७ मध्ये परिषदेच्या उपाध्यक्षपदी त्यांची एकमताने निवड झाली.

या पदाचा उपयोग त्यांनी दुर्बलांसाठी केला. मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे, असा आग्रह त्यांनी परिषदेत धरला. या मागणीचे महत्त्व सहज ध्यानात येते. लहान मुलाला आपले दुखणे नीट सांगता येत नाही. त्याच्या औषधाचे प्रमाण वेगळे, आहार वेगळा. मोठ्या रुग्णांमध्ये त्याला ठेवल्यास नव्या आजाराचा संसर्ग होण्याची भीती असते. म्हणून त्याची काळजी घेणारे डॉक्टर व परिचारिका त्या कामात तयार झालेल्या असाव्या लागतात. शाळांतील मुलांची नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी, अशीही मागणी त्यांनी केली. अधू दृष्टी, वाहणारा कान किंवा रक्ताची कमतरता यांकडे घरी दुर्लक्ष होते. तपासणीत ते दोष वेळीच कळतात.

मुलींना देवदासी म्हणून देवाला वाहण्याची प्रथा बंद व्हावी यासाठीही त्यांनी झुंज दिली. त्यांना कडवा विरोध झाला, तरी त्या डगमगल्या नाहीत. १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी परिषदेचा राजीनामा दिला. त्याच सुमारास देवदासी समाजातील काही निराधार मुली आश्रयासाठी त्यांच्या दाराशी आल्या. त्यांना इतरत्र कोठेही थारा मिळत नव्हता. मुथुलक्ष्मींनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले. त्यातूनच 'अव्वै होम' ही संस्था उभी राहिली. अनाथ व निराधार मुलींना तेथे निवारा, अन्न आणि शिक्षण मिळू लागले. देवदासी प्रथेला बंदी घालणारा कायदा मद्रास प्रांतात १९४७ मध्ये झाला.

त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने वारली होती. ते दुःख त्यांनी मनात कुढत ठेवले नाही. अनेक वर्षे प्रयत्न करून १९५४ मध्ये त्यांनी चेन्नईच्या अड्यार भागात कर्करोग रुग्णालय सुरू केले. केवळ १२ खाटांचे हे रुग्णालय पुढे देशातील नामवंत संस्था बनले. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना 'पद्मभूषण' देऊन गौरविले. २२ जुलै १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज गोवर, घटसर्प यांवर लस आहे. जुलाबात मुलाला क्षारसंजीवनी पाजली की त्याच्या शरीरातील पाणी टिकते, हे घरोघरी सांगितले जाते. तरीही औषधाइतकीच प्रेमाची, स्वच्छतेची आणि वेळेवर घेतलेल्या काळजीची मुलांना गरज असते. जी काळजी आपण स्वतःच्या मुलाची घेतो, ती प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे, हीच डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या जीवनाची शिकवण आहे.