ठोके थांबवणारा माणूस

टर्बो इंजिनाची गाडी घेतल्यापासून मला घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो : हिला साधे पेट्रोल चालते, की महागडे, जास्त ऑक्टेनचे घालावे लागते? उत्तर सोपे आहे. गाडीच्या माहितीपुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर जो किमान ऑक्टेनचा आकडा छापलेला असतो, तेवढे पेट्रोल घालावे. इंजिन ज्यासाठी बनलेलेच नाही, असे 100 ऑक्टेनचे पेट्रोल भरून खिसा तेवढा हलका होतो. मात्र हे ऑक्टेन प्रकरण ज्याच्यापासून सुरू झाले, त्या थॉमस मिजली या अमेरिकन माणसाची कहाणी उत्तराइतकी सोपी नाही.

आधी थोडे इंजिनाविषयी. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. इंजिनातही पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले की तापते. फार तापले, तर ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच त्याचा काही भाग आपोआप भडकतो आणि आतून हातोडीसारखे ठोके ऐकू येतात. यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बो तर बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर आणखी हवा कोंबतो, म्हणून तिथे हा धोका जास्त. पेट्रोल हे ठोके किती रोखते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आजच्या गाड्यांत ठोके टिपणारा सेन्सर असतो; तो ठिणगीची वेळ मागे नेऊन इंजिन वाचवतो, पण ताकद आणि मायलेज कमी होते.

मिजलीचा जन्म 1889 चा, पेनसिल्व्हेनियातला. शिक्षणाने तो मेकॅनिकल इंजिनिअर. रसायनशास्त्र त्याने कामातच आत्मसात केले. 1916 मध्ये ओहायोतील डेटन येथे तो चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत दाखल झाला आणि ठोक्यांचे कोडे त्याच्याकडे आले. दोघांनी एक मजेदार तर्क केला. बर्फातही फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने लालसर असतात. म्हणजे लाल रंग उष्णता शोषत असावा. मग पेट्रोल लाल केले तर? लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन घातले, आणि ठोके चक्क कमी झाले! नंतर खरे लाल रंग आणून पाहिले, तर त्यांचा काहीच उपयोग होईना. तर्क चुकला, पण वाट सापडली. पुढे त्याने एकेक मूलद्रव्य तपासले. टेल्युरियमने काम झाले, पण त्याचा लसणासारखा उग्र वास अंगाला असा चिकटला की आंघोळ करूनही जाईना.

ऑक्टोबर 1921 मध्ये मिजलीने 30 टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर डेटनहून इंडियानापोलिसपर्यंत गाडी चालवली होती. अल्कोहोल ठोके थांबवते, हे त्याला पुरते ठाऊक होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 9 डिसेंबरला, शिशाचे टेट्राएथिल लेड हे संयुग हाती लागले. ते अगदी थोडे घातले तरी पुरे. शिवाय अल्कोहोल कोणालाही गाळता येते. शिशाच्या मिश्रणावर मात्र मालकी सांगता येत होती. माझ्या मते निवड तिथेच झाली. विक्री 1923 मध्ये सुरू झाली, आणि नाव ठेवले इथिल. नावात शिशाचा मागमूसही नाही!

शिसे विषारी आहे, हे तेव्हाही सर्वज्ञात होते. खुद्द मिजली 1923 मध्ये शिशाच्या बाधेतून सावरण्यासाठी फ्लोरिडाला जाऊन राहिला होता. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात कामगारांना वेडाचे झटके आले आणि पाच जण दगावले. तरीही त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगून दाखवली. ज्याला ती बाधा स्वतः भोगावी लागली, त्याने हे करावे, हे मला आजही पचत नाही. 1925 मध्ये विक्री थांबली, पण पुढच्याच वर्षी पुन्हा सुरू झाली.

फ्रिजसाठीचा फ्रिऑन वायूही त्याच्याच चमूने शोधला. तो सुरक्षित मानला गेला. अशा वायूंमुळे ओझोनचा थर विरतो, हे 1974 नंतर उमगले. 1940 मध्ये मिजलीला पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्याने स्वतःच दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. 2 नोव्हेंबर 1944 रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्याचा अंत झाला. वय अवघे 55.

त्याचे शिसे मात्र पुढे अनेक दशके मुलाबाळांच्या रक्तात जात राहिले. 1965 मध्ये क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट वाढल्याचे मांडले, आणि उद्योगाने त्याला कडाडून विरोध केला. भारतात शिसेविरहित पेट्रोल 1995 मध्ये मुंबईसह चार महानगरांत आले, आणि 2000 मध्ये देशभर. जगात शेवटी उरला अल्जीरिया. तिथल्या पंपांवरची शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2021 मध्ये थांबली. आज भारतात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळून ऑक्टेन वाढवतात. त्यातले काही आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येते. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच.