सय्यद अब्दुल रहीम

सय्यद अब्दुल रहीम (१७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद – ११ जून १९६३) हे भारतीय फुटबॉल प्रशिक्षक होते. हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी १९५० पासून मृत्यूपर्यंत सांभाळले आणि त्याच काळात अनेक स्पर्धांत भारतीय संघालाही मार्गदर्शन केले. १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथे स्थान ही तिन्ही यशे त्यांच्या प्रशिक्षणाखाली मिळाली. पेशाने ते शालेय शिक्षक होते. खेळाडू त्यांना रहीमसाहेब म्हणत.

शिक्षण व शिक्षकी पेशा

रहीम यांनी उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतली. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून ते खेळलेही. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून त्यांनी हैदराबादमधील अनेक शाळांत अध्यापन व खेळांचे शिक्षण असे दोन्ही केले. मैदानावरील त्यांची पद्धत वर्गातील शिक्षकाचीच होती, हे त्यांच्या पुढील कार्यावरून सहज ध्यानात येते.

हैदराबाद सिटी पोलीस

या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. दिल्लीतील ड्युरँड चषक १९५०, १९५४, १९५७ आणि १९६१ मध्ये त्यांच्याकडे आला. शेवटच्या विजयाच्या वेळी राज्य बदलले होते आणि संघ आंध्र प्रदेश पोलीस या नावाने खेळत होता. देशातील फुटबॉलचे केंद्र कोलकाता मानले जात असताना पोलीस खात्यातील नोकरदारांच्या संघाने मिळवलेले हे यश असाधारण म्हणावे लागेल.

रहीम यांचे वेगळेपण त्यांच्या सरावात होते. ड्रिब्लिंगला पूर्ण बंदी असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. चेंडू जवळ न ठेवता पहिल्याच स्पर्शात सोबत्याकडे देण्याची सवय खेळाडूंना लागावी, हा त्यामागील हेतू होता. मुलांसाठी त्यांनी केवळ कमजोर पायानेच चेंडू मारायचा, असे सामने ठेवले. एरवी ज्या पायाकडे कोणी लक्ष देत नाही, तोच येथे रोज कामाला लागे. सिकंदराबादचा तुलसीदास बलराम हा गरीब घरातील मुलगा त्यांनीच हेरला. सरावाला येण्याजाण्याचे पैसे त्याच्याजवळ नव्हते. तो खर्च रहीम यांनी उचलला. पुढे बलराम भारताचे अग्रगण्य आघाडीवीर झाले.

भारतीय संघ

१९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला १–० असे हरवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला. थंड हवेत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपुष्टात आले आणि बीडसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. म्हणजे त्या दिवसापर्यंत रहीम हे आपल्याच राज्याच्या राजधानीतील मास्तर होते. मराठवाड्यातील वाचकांना याची क्वचितच आठवण असते. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न येथे त्यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे नमवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. रहीम यांनी एक आघाडीवीर मुद्दाम मागे खेळवला होता. ब्राझीलने १९५८ मध्ये रूढ केलेल्या रचनेची ही पूर्वछाया होती, असे अनेक जाणकार मानतात. उपांत्य सामना युगोस्लाव्हियाने, तर कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाने जिंकला.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी साधली, मात्र हंगेरी व पेरू यांच्याकडून पराभव झाल्याने आव्हान साखळीतच संपले.

जकार्ता, १९६२

आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून ०–२ असा हरला. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. उपांत्य सामन्यात रहीम यांनी त्यांना बचावफळीतून काढले आणि थेट आघाडीवर खेळवले. जखमी डोक्याच्या खेळाडूकडून हेडरची अपेक्षा ठेवणे धाडसाचेच होते. भारताने दक्षिण व्हिएतनामला ३–२ असे हरवले व जर्नेलसिंग यांनी एक गोल केला.

४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता. इस्रायल व तैवान यांना यजमानांनी प्रवेश नाकारल्याबद्दल भारतीय क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यामुळे सुमारे एक लाख प्रेक्षकांचा जमाव भारताच्या विरोधात होता. आजारपणामुळे उपांत्य सामन्यास मुकलेले उंच गोलरक्षक पीटर थंगराज यांना रहीम यांनी परत आणले. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांमुळे भारत २–१ असा जिंकला. सामन्याच्या आदल्या रात्री रहीम यांनी आपल्याला भेट म्हणून सुवर्णपदकच हवे असल्याचे सांगितले होते, अशी आठवण खेळाडूंनी नंतर सांगितली.

मृत्यू

जकार्ताहून परतल्यावर कर्करोगाने ते अंथरुणास खिळले. सुवर्णपदकानंतर नऊ महिन्यांतच, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारतीय फुटबॉल संघ १९६० नंतर ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही आणि आशियाई सुवर्णपदकही पुन्हा मिळालेले नाही. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हे १९६० च्या ऑलिंपिक चमूत होते. पुढे ते आंतरराष्ट्रीय पंच झाले. रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात अजय देवगण यांनी त्यांची भूमिका केली आहे.