क्षमेस दलाल कशाला?

पंडिता रमाबाई यांचें नांव निघालें कीं आमचे पुष्कळ वाचक त्यांच्या धर्मांतरापाशींच थांबतात. परंतु धर्मांतरानंतर बाईंनीं आपल्या नव्या गुरुजनांशीं जो वाद केला, त्यांतच त्यांच्या चरित्राचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें.

बाईंचा जन्म सन १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थें व पुराणें करीत बाळपण गेलें; दुष्काळांत आईबाप अन्नावांचून गेले; सन १८८२ त वैधव्य आलें. पुढील वर्षीं त्या विलायतेस गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील मठांतील भगिनी इंग्रज चर्चच्या असूनही आचारानें क्याथलिक वळणाच्या होत्या. क्याथलिक मतें, पाप्यानें धर्मगुरूपुढें पाप उच्चारावें, त्याच्या मुखानें क्षमा ऐकावी, आणि आपला उद्धार झालाच असें मरेपर्यंत धरून चालूं नये. पुष्कळ प्रॉटेस्टंटांच्या मतें क्षमा श्रद्धेनें थेट ईश्वराकडून मिळते व तिची खात्री याच जन्मीं पटते.

बाईंनीं भगिनी जेराल्डिन यांस स्पष्ट कळविलें कीं, स्वदेशीं भिक्षुकांचें जूं कष्टानें झुगारल्यावर दुसरें तसलेंच जूं आपण मानेवर घेणार नाहीं. क्रूसावर ल्याटिनऐवजीं संस्कृत अक्षरें कां नकोत, हाही त्यांचा सवाल होता. तरी मनास शांति नव्हती. सन १८९१ च्या सुमारास हॅस्लम नामक इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त वाचून त्यांस उमगलें कीं, क्षमा कर्मानें कमवावयाची नसून विश्वासानें स्वीकारावयाची आहे. त्याच बळावर केडगांवीं त्यांनीं दुष्काळपीडित मुलींस आसरा दिला. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. मात्र याच श्रद्धेच्या भरांत शारदासदनांतील हिंदु मुली त्यांच्या प्रार्थनेकडे ओढल्या गेल्या, व सन १८९३ त रानडे, भांडारकर यांस सल्लागारपद सोडावें लागलें. पालकांच्या विश्वासास तडा गेला, हें आम्ही झांकीत नाहीं.

करवीरकरांस हा प्रश्न परका नाहीं. मनुष्य व ईश्वर यांमध्यें मक्ता कोणाचा, हाच सवाल सन १९०० च्या सुमारास वेदोक्त प्रकरणांत शाहू छत्रपतींपुढें उभा राहिला. बाईंचा धर्म कोणीं घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण वर्षभर खोटें माप घालून शेवटीं दक्षिणेनें मोकळे होणाऱ्यांनीं त्यांचें चरित्र अवश्य वाचावें. ज्याचें बुडविलें त्याचें आधीं चुकतें करावें. मग क्षमा मागावयास भटजी नको कीं पाद्री नको.